उष्टा पेरू

पेरूवर दोन सुळ्यांच्या खुणा होत्या. सुचेताने सानवीच्या कंपासमधली पट्टी लावली. मधलं अंतर एक सेंटिमीटर. वटवाघूळच.

असाच एक पेरू दहा दिवसांपूर्वी सानवीने खाल्ला होता. "वटवाघूळ गोडच निवडतं," असं म्हणत सुचेतानेच उरलेला अर्धा धुऊन लेकीच्या हातात दिला होता.

चार दिवस सानवी तापाने फणफणत होती. काल बरळायला लागली. वटवाघळांपासून येणारा मेंदूचा ताप असावा, अशी डॉक्टरांना शंका होती. तिच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठी पुण्याला गेला होता. कर्जतच्या दवाखान्यात तिच्या खोलीत आईलाही सोडत नव्हते. बाहेर तिचे बाबा, अजेय, बसून होते. सुचेता कपडे न्यायला तासाभरासाठी चौक गावातल्या घरी आली होती.

अंगणात शेजारचे नागू आणि गौराबाई उभे होते. मागे आणखी पाचसहा जण. एकाकडे सुतळी बाँबचं खोकं, दुसऱ्याकडे करवत. परसातल्या चिंचेवर दोनशे वटवाघळं उलटी लटकलेली. चिंच सुचेताची. ती पाडायला नागू वर्षभर विचारत होता. ती "बघू" म्हणायची.

"शाळंत पोरांना शिकवलंत ना बाई, वटवाघूळ रान पेरतं म्हनून?" गौराबाई म्हणाली. "बघा आता, काय पेरलंय!"

"गप गं," नागू तिला म्हणाला. "बाई, आमच्या घरात पन पोरं हायेत. तुमी नुसतं हो म्हना."

सुचेताने वर पाहिलं. समोर खडी काढून उघडी केलेली टेकडी होती. अकरा वर्षांत तिथे सत्तेचाळीस उंबर उगवले; एकही कुणी लावलेला नव्हता. वटवाघळांच्या विष्ठेतलं बी तिने कुंडीत रुजवून पाहिलं होतं. तोडलेल्या फळातल्या बियांआधी ते वर यायचं. बाँब फुटले की बिथरलेली वटवाघळं गावभर पांगतील, घराघरातल्या पेरूंवर बसतील, हेही तिला ठाऊक होतं. तरी सकाळपासून मनात एकच होतं: जळू दे सगळं.

फोन वाजला. अजेय.

सगळे तिच्याकडे बघू लागले. रिपोर्ट वाईट असला, तर आपण हो म्हणू. स्वतःची तेवढी ओळख तिला होती.

फोन हातात वाजत राहिला.

"नागूभाऊ, चिंच पाडायची नाही. बाँबही नकोत. पेरूंना जाळ्या लावू," ती म्हणाली. "आता मी फोन घेते. त्यानंतर मी काहीही म्हणाले, तरी ऐकू नका."