डावा पाय

पायजमा भिरभिरत आला आणि कापायच्या टेबलावर, ऐन आखलेल्या कापडावर पडला.

"डावा पाय आवळतो!" धाकटा दारातूनच ओरडला. "सहा वर्षांत तुझी कात्री काही सरळ झाली नाही!"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. थोरल्याची कानशिलं तापली. सहा वर्षांपूर्वी याच दारात, अशीच माणसं जमलेली असताना, एका वकिलाच्या कोटावरून धाकटा म्हणाला होता, दादाची कात्री वाकडी चालते. खरं तर वकिलाचा एक खांदाच उतरता होता. पण सांगतो कोणाला? त्याच दिवशी धाकट्याने समोर वेगळं दुकान थाटलं आणि बोलणं बंद झालं.

चार महिन्यांपूर्वी धाकट्याच्या अंगभर फोड उठले. शरीरच आपल्या कातडीवर उलटलंय, असं डॉक्टर म्हणाले. "भावासारखंच की!" थोरला फणकारला होता. हातालाही फोड, त्यामुळे धाकट्याची मशीन थांबली. शेवटी त्याची बायको नाक मुठीत धरून थोरल्याकडे आली. दोन्ही पोटऱ्या चौदा इंच, असं माप तिने आणलं आणि डॉक्टरांनी बजावलेलंही सांगितलं: या आजारात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. एकच पाय सुजला तर असाल तसे या. थोरल्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

पायजमा मात्र जीव ओतून शिवला. फोडांवरच्या मलमपट्ट्या सरकू नयेत म्हणून पोटरीशी बेताचा, आणि फोडांना घासू नयेत म्हणून सगळ्या शिवणी बाहेरून.

"उलटा शिवलाय वाटतं," एक गिऱ्हाईक हसलं.

थोरल्याने पायजम्याचे दोन्ही पाय एकावर एक अंथरले. काठाला काठ, सुताचाही फरक नाही. "बघा! डोळे असतील तर बघा!" मग गळ्यातली टेप ओढून तो धाकट्यापुढे उकिडवा बसला. "विजार वर कर. आज होऊनच जाऊ दे!"

उजवी पोटरी चौदा. डावी... त्याने टेप सोडली, पुन्हा लावली. सोळा. पाय गरम लागत होता.

"दुखतो?"

"परवापासून. तुला काय करायचंय?"

 धाकट्याच्या बायकोचा सोडून दिलेला शब्द न् शब्द आता थोरल्याला आठवला.

"पायजमा बरोबर आहे. पाय सुजलाय तुझा. चल दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"ऐकलंत का मंडळी? माप चुकलं की म्हणे पाय सुजला! नाचता येईना, अंगण वाकडं!" धाकटा हसला आणि हसताहसता त्याला धाप लागली. तो लंगडत पायरी उतरायला निघाला.

"अरे गाढवा, जिवावर बेतेल!"

"बेतू दे. आधी या सगळ्यांसमोर कबूल कर, कात्री चुकली म्हणून. मग नेशील तिथे येतो."

थोरल्याने टेबलाकडे पाहिलं. पायजमा तसाच पडला होता, काठाला काठ लावून. तिन्ही गिऱ्हाइकं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"चुकली," तो म्हणाला. "वकिलाच्या कोटालाही माझीच चुकली होती. अरे, कोणीतरी गाडी बोलवा."