आधी ताईंचा घोट

संध्याकाळचं पिवळं ऊन स्वयंपाकघरात पाण्यासारखं पसरलं होतं. थोरल्या नणंदबाई यकृतासाठी आणलेली हिरवी पूड पेल्यात ढवळत होत्या. ती शेवाळासारखी गोलगोल तरंगत होती. “ताई, डॉक्टर म्हणाले, या पुडीनेच यांची कावीळ वाढतेय,” हे वाक्य भावजय दवाखान्यापासून मनात घोळवत आली होती. पण भावावर जीव टाकणाऱ्या बाईला सांगायचं कसं? “तोंड शिवलंस का गं?” म्हणत ताईंनी नेहमीसारखा पहिला घोट स्वतः घेतला. लहानपणापासून त्यांनी चाखल्याशिवाय भाऊ औषध घेत नसे. “कडूजहर आहे, पण त्याचं यकृत कसं धुऊन निघेल बघ.” तिने पेला हळूच काढून घेतला. उन्हात ताईंचे डोळे मधासारखे दिसत होते. हे ऊनच असू दे, असं पुटपुटत तिने पडदा ओढला. अख्खी खोली सावळली. ताईंच्या डोळ्यांतला पिवळेपणा मात्र तसाच राहिला.