मारायचं कुणाला?

मनीष आणि किमया यांनी नोकरी सोडून घोटावड्यातल्या भाड्याच्या खोलीत एक ऑनलाइन लढाईचा गेम तयार केला. सगळ्यांत गाजलेल्या गेमपेक्षा तो सरस होता, तरी त्यांच्या सर्व्हरवर शुकशुकाटच. लवळ्याच्या सायबर कॅफेत मनीषनं तिथं रोज खेळायला येणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या शेखरला 'आमचा गेम का खेळत नाहीस?' असा जाब विचारला. स्क्रीनवरची नजर न हलवता शेखर म्हणाला, "तुमचा गेम लई भारी हाय. पण आमची समदी पोरं हिकडं हायेत. तितं एकट्यानं मारायचं कुणाला?"

"मेंढरं आहात नुसती," मनीष म्हणाला. रागानं शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून तो त्याच गाजलेल्या गेममध्ये शिरला आणि 'आमच्याकडे या' असं सगळ्यांना लिहू लागला. कुणीतरी त्याला मागून गोळी घातली, वर शिवी हासडली. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा मेला. सगळे त्याला हसू लागले.

संध्याकाळी किमयाचा फोन आला. "अरे, आपल्याकडे पहिला खेळाडू आलाय. एकटाच फिरतोय, कंटाळून जाईल. लगेच लॉगिन कर."



"थांबायला सांग त्याला," मनीष दातओठ खात म्हणाला. "या हरामखोरांना लोळवल्याशिवाय मी इथून उठत नाही."