मऊ नको

जयसिंगराव हॉलमध्ये आले तसे कमिटीचे सगळे उभे राहिले. नीरजा उठली नाही. तिने नुसता नमस्कार केला.

हॉलच्या मधोमध दोन लांब पट्टे अंथरले होते. एक मेपलच्या लाकडाचा, दुसरा निळ्या सिंथेटिकचा. स्नेहलतागंजातल्या या क्लबच्या जुन्या बास्केटबॉल कोर्टावर आता काय घालायचं, ते आज ठरायचं होतं.

"ठरवायचं काय त्यात?" जयसिंगराव म्हणाले. ते क्लबचे अध्यक्ष, तरुणपणी राज्याकडून खेळलेले. "सिंथेटिक. शंतनु भिया, लिहून टाका."

सेक्रेटरी शंतनुने पेन उघडलं.

"लिहू नका," नीरजा म्हणाली. "आम्हाला लाकूड पाहिजे."

नीरजा मुलींच्या टीमची कॅप्टन. राऊच्या एका कॉलेजात गणित शिकवायची. गेल्या वर्षी टीमने भोपाळहून कप आणला, तेव्हा याच कमिटीने हार घातले होते. प्रॅक्टिसला वेळ मात्र भर दुपारची दिली होती, जेव्हा हॉल कुणालाच नको असतो.

"बेटा, तुमच्यासाठीच तर मऊ घेतोय." जयसिंगरावांच्या आवाजात माया होती. "कुणी पडलं-झडलं, लागलं, तर लोक मला काय म्हणतील?"

"पडू की. दर मॅचला पडतो. सावरतो, परत खेळतो."

"पण मॅडम, सिंथेटिक म्हणजे एकदम सेफ..." शंतनु म्हणाला.

"सेफ तुम्हाला पाहिजे. आम्हाला जिंकायचंय."

मागे टीममधली शिखा फस्सकन हसली. नीरजा हसली नाही. लहानपणापासून लोक तिच्यासाठी असंच काहीतरी मऊ निवडत आले होते. सोपे विषय, जवळची शाळा, घरबसल्याचं काम. प्रत्येक वेळी मायेनेच. प्रत्येक वेळी तिला न विचारता.

"मऊ जमीन आम्हाला धरून ठेवते, काका. लाकडावर आम्ही सुटतो."

"चाळीस वर्षं खेळ बघतोय मी. मला नको शिकवू."

"शिकवत नाही. करून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आधी निळ्यावर, मग लाकडावर. आमच्यासारखं."



"जाऊ द्या ना, मॅडम," शंतनु पुटपुटला.

"क्यों? डरता हूँ क्या मैं?" जयसिंगरावांनी बाह्या दुमडल्या.

नीरजा बाकावर सरकली. शिखाने शिट्टी वाजवली.

निळ्यावरचं पहिलं चार-पाच हात अंतर जोरात गेलं. मग दंड भरून आले, मान लाल झाली, धाप लागली. अर्ध्यावर ते अडकले. शंतनु धावला.

"हात लावायचा नाही!" नीरजा कडाडली. "मॅचमध्ये आम्हाला कुणी लावत नाही."

दात आवळून त्यांनी कसंबसं टोक गाठलं. मग लाकूड. तिथे ते दोन झटक्यांत पार झाले, इतके सुसाट की भिंतीपाशी शंतनुला त्यांना अडवावं लागलं.

जयसिंगरावांनी आपले लाल झालेले तळहात चोळले.

"लाकूड लिहा," ते म्हणाले.

नीरजाने आभार मानले नाहीत.

"चला, उठा आता, काका," ती म्हणाली. "टीम खोळंबलीय. माझी व्हीलचेअर द्या."