बोलत्या पाट्या

“पाणी,” डावीकडची पाटी बोलली.

“पाव सेकंद!” थोरल्यानं वहीत टिपून घेतलं. “आता हिची. बाबा, दाबा.”

बाबांचं बोट थरथरत उजव्या पाटीकडे गेलं. त्यांनी तिथलंही पाण्याचं चित्र दाबलं. “पाणी.”

“पावाच्याही आत! याला म्हणतात जावा, दादा,” म्हणत धाकटीनं वही ओढून घेतली.

आई शेजारच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची वाचा गेली त्याला महिना झाला होता, आणि महिनाभर तिची पाठ धड अंथरुणाला टेकली नव्हती. दोन्ही मुलं प्रोग्रामर. दोघांनी परगावी बसून बाबांसाठी टॅबलेटवर आपापली बोलती पाटी बनवली होती. चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. त्याची पायथन या संगणकभाषेत, हिची जावामध्ये. उद्या दोघं परत जाणार, आणि बाबांच्या उशाशी कुणाची पाटी राहणार यावरून सकाळपासून जुंपली होती. “दोन्ही राहू देत की,” आई म्हणाली, तर दोघंही तिच्यावरच उखडली.

पहिल्यांदा शब्द ऐकू आला तेव्हा ती उठलीच होती. “आई, बस गं तू, चाचणी चाललीय,” थोरला आतून ओरडला. ती बसली. खरं तर, बसायला मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं.

“पाणी.”

“तुझ्या पायथनच्या हातात काठी दे, दादा.”

“आणि तुझी जावा? चार ओळींच्या कामाला चाळीस ओळींची वरात!”

बाबा सुतार. चाळीस वर्षांत रंधा मोठा की पटाशी, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. लाकूड बघायचे, पेटीत हात घालायचे, लागेल ते काढायचे.

“पाणी.”

“बाबा, आता दुसरं काहीतरी दाबा ना,” धाकटी लाडानं म्हणाली. “औषध दाबा. नाहीतर खिडकी.”

बोट क्षणभर अधांतरी थांबलं. मग पुन्हा त्याच चित्रावर गेलं.

“पाणी.”

आईच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि वाटी-चमचा घेऊन बाबांच्या खोलीत आली.

“आई, थांब! आकडे चुकतील.”

“चुकू देत. सरक.”

तिनं बाबांच्या मानेखाली हात घातला. चमच्याचमच्यानं वाटी संपली. बाबांनी पुन्हा आ केला. तिनं दुसरी वाटी आणली. तीही संपली.

धाकटीनं वही मिटायला घेतली आणि तिचा हात जागीच थांबला. पानावर प्रत्येक आकड्याच्या आधी, एकाखाली एक, अकरा वेळा लिहिलेलं होतं: पाणी. सहा वेळा दादाच्या अक्षरात. पाच वेळा तिच्या.