पणजोबांचं जन्मगाव

"पाचव्यांदा तेच रजिस्टर काढायला लावताय तुम्ही," रेकॉर्ड रूममधल्या कारकून बाई म्हणाल्या आणि पोटाला हात लावून सावकाश खुर्चीत टेकल्या. आठवा महिना असावा.

मीही कावलो होतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापखान्यात अडकला होता. तीनशे पानं तयार, फक्त पणजोबांच्या जन्मगावाची जागा रिकामी. घराणं वाघुर्ड्याचं, म्हणून वाघुर्ड्याच्या जन्मनोंदी चाळल्या. मग जुन्या नकाशावर बोट फिरवत आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांच्याही. धाकटी चारही भावंडं वाघुर्ड्यात सापडली. थोरले पणजोबाच तेवढे गायब.

"आभाळातून पडले होते काय हे?" मी नकाशाची गुंडाळी टेबलावर आपटली.

"जे बघायचं ते आजच बघा. सोमवारपासून मी रजेवर. साताऱ्याला आईकडे जातेय." त्यांनी रजिस्टर मिटलं. "पहिलं बाळंतपण आहे ना."

मी नकाशा पुन्हा उलगडला. पहिलं बाळंतपण माहेरी. दोन वर्षं मी पोराला बापाच्या गावात शोधत बसलो होतो.

मी तसं म्हटल्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या. "मग सोपं आहे. पणजोबांच्या आईचं माहेर कुठलं? नाव काय त्यांचं?"

मी कुलवृत्तांताची कच्ची प्रत उघडली. सात पिढ्यांचे पुरुष होते, त्यांच्या जमिनी होत्या, वतनं होती. एकाच्या तर घोडीचंही नाव होतं.