ओढ्याच्या मधोमध

शिपायानं मांडवात कागद वाचून घडी घातली. नवरीला चौदा वर्षं पुरी नाहीत. इथं लग्न लागलं तर तिच्या आज्याला, तात्याबाला, तुरुंग.

हरणाबाईनं अंगठा पदरात लपवला. परवा बाजाराच्या निमित्तानं तालुक्याला जाऊन तिनंच अर्जावर ठसा उठवला होता. नखाच्या कडेची शाई घासूनही गेली नव्हती. वरून लेकीची हळद चोळली, तर आणखीच दिसायला लागली.

तिचा सासरा तात्याबा हसलाच.

"हितंच न्हाई ना? मग वड्यापल्याड लावू. तितं संस्थान हाय. इंग्रजाचा कायदा पान्यात भिजतुया. उचला रं अंतरपाट!"

हे हरणाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वाजंत्र्यांसकट वऱ्हाड ओढा उतरून पलीकडच्या बाभळीखाली जमलं. शिपाई अलीकडंच थांबला.

"आवं, आडवा की त्यास्नी!"

"बाई, मधल्या धोंड्यापातूर माजी हद्द. पल्याड मी कुनीच न्हाई."

नवरीला मामानंच न्यायची. केरबानं भाचीला कडेवर घेतलं. बनू आठ वर्षांची. मुंडावळ्या तिच्या नाकावर घसरत होत्या. हरणाबाईनं धावत जाऊन भावाचं धोतर धरलं आणि अंगठा त्याच्यापुढं केला.

"दादा, अर्ज म्या केलाय. हिचा बाप तिकडं लढाईवर. तूबी तिला पल्याड न्हेलीस, तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?"

केरबानं अंगठा पाहिला. धोतर सोडवून घेतलं आणि पाण्यात उतरला. हरणाबाई काठावरच्या चिखलात मटकन बसली.

मधल्या धोंड्यापाशी केरबा थांबला.

"मुहूर्त टळतोय!" पलीकडून भटजी ओरडले.

"केरबा! पायाला मुळ्या फुटल्या व्हय रं?" तात्याबाचा आवाज चढला. वऱ्हाड हसलं.

केरबानं भाचीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. पाऊल काही उचललं नाही. वाजंत्री थांबली. हसणंही थांबलं.

"मामा, दमलास? मी चालू का?"

"नगं बने," तो म्हणाला. "तू खाली पाय टेकू नगंस."

तात्याबा धोतर खोचत पाण्यात उतरला. त्याच्यामागं आणखी दोघं उतरले.

अलीकडून हरणाबाई उतरली.